कोरडी विहीर आणि घरगुती भूकंपमापक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, हिंगोलीत २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, आणि "शेतातली जुनी विहीर पडूनच आहे, तिथं यंत्र बसवता येईल का?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागला. उत्तरं दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या, म्हणजे बेसाल्टमधल्या, खोदीव विहिरी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कोकणातल्या जांभ्यात किंवा नदीकाठच्या गाळात विहीर असेल तर प्रश्न ३ आधी वाचा.

१. विहिरीत भूकंपमापक ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

जमिनीची हालचाल टिपणारा छोटा संवेदक विहिरीतल्या उघड्या कातळावर घट्ट बसवायचा, त्याची केबल वर आणायची आणि नोंदी घरातल्या संगणकावर पाहायच्या, एवढंच. विहिरीचा उपयोग कातळापर्यंत पोचायची तयार वाट म्हणून. तीच वाट नव्यानं खणायची तर खर्च यंत्राच्या किमतीहून जास्त होईल.

२. घरातच कोपऱ्यात ठेवलं तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही, आणि सुरुवात तिथूनच करावी. जमिनीलगतच्या खोलीत, थेट फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं तर परिसरातले मोठे धक्के नक्की दिसतात. अडचण लहान धक्क्यांची. दार आपटणं, वॉशिंग मशीन, जिन्यावर धावणारी मुलं, अंगणातल्या झाडाच्या मुळांतून येणारी वाऱ्याची थरथर हे सगळं नोंदीत उतरतं आणि दीड-दोन तीव्रतेचा धक्का त्यात बुडून जातो. महिनाभर घरात ठेवून पाहा. रात्री एक ते चारच्या नोंदीही गढूळ दिसत असतील तरच विहिरीचा विचार करा.

३. विहीर जितकी खोल तितकी नोंद स्वच्छ, बरोबर ना?

बहुतेकांचा हाच समज असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. आपल्या विहिरी साधारण सात-आठ परस, म्हणजे बारा मीटरच्या आसपास. भूकंपशास्त्राच्या मापानं ही खोली नगण्य आहे. कोयना परिसरात संशोधकांनी भूकंपमापक बसवले ते सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या विवरांत, आणि गोठणे इथं २०१७ साली प्रायोगिक विवर खोदलं गेलं ते तीन किलोमीटरचं.

तुम्हाला विहिरीतून मिळतो तो कातळ. रस्ता, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी यांचा गोंगाट मुख्यतः पृष्ठभागालगतच्या लहरींनी पसरतो. या लहरी खोलवर विरत जातात, पण किती खोलीवर, ते त्यांच्या लांबीवर ठरतं. काळ्या मातीत लहरीचा वेग सेकंदाला दोनशे मीटर धरला, तर ५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच वेळा होणाऱ्या, थरथरीची लांबी ४० मीटर होते. म्हणजे १२ मीटरवर तुम्ही एका लहरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही खाली पोचत नाही. अखंड कातळात हाच वेग सेकंदाला दोन हजार मीटरच्या घरात जातो आणि लांबी ४०० मीटर होते. तिथं १२ मीटरची मातब्बरी ती काय! पण माती आणि कातळ यांच्या वेगात एवढी तफावत असल्यामुळेच मातीतला बराचसा गोंगाट मातीतच अडकून राहतो, खाली कमी झिरपतो. शिवाय कातळावरच्या संवेदकाला दूरच्या धक्क्याची लहर कमी बिघडून मिळते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की चार मीटरवर अभंग काळा पाषाण लागलेली उथळ विहीर ही पंधरा मीटर मुरमात खोदलेल्या विहिरीपेक्षा चांगली. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भुसभुशीत, पांढऱ्या खड्यांचा थर किंवा तांबडा गेरूसारखा पट्टा तळाशी असेल तर दुसरी जागा शोधा. पहारीच्या घावाला खणखणीत आवाज यायला हवा, बद्द नको. तळाशी नुसता गाळ किंवा वाळू असेल आणि कातळ लागतच नसेल, तर या उद्योगापेक्षा घराचा कोपरा बरा.

४. विहीर उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी असते, पण पावसाळ्यात पाणी येतं. चालेल का?

तळाशी नाही चालणार. महाराष्ट्रातल्या बहुतेक 'कोरड्या' विहिरी या मे महिन्यात कोरड्या असतात. ऑगस्टमध्ये त्यांच्यात पोहायला मुलं येतात. बाजारात मिळणाऱ्या पेटीवर आयपी ६७ असं लिहिलेलं असलं तर तिची हमी एक मीटर पाण्याखाली अर्ध्या तासापुरती असते. दहा मीटर पाण्याखाली आणखी एका वातावरणाइतका दाब येतो आणि पेटीची कड पाणी आत घेते.

मृगाला यंत्र बाहेर काढून दिवाळीनंतर पुन्हा बसवू, असा तोडगा बरेच जण सुचवतात. मला तो पटत नाही. आपल्याकडच्या लहान धक्क्यांच्या मालिका अनेकदा पावसाळा सरता सरता, भूजल चढलेलं असताना जोर धरतात. म्हणजे नेमकं पाहण्यासारखं असतं तेव्हाच यंत्र कपाटात राहणार.

त्यापेक्षा विहिरीच्या भिंतीवर पाण्याची सर्वांत वरची रेघ शोधा. शेवाळाचा काळा पट्टा किंवा क्षाराची पांढरी कड ती दाखवते. तरीही गावातल्या जुन्या माणसाला विचाराच, कारण अतिवृष्टीच्या वर्षीची पातळी कातळावर उमटलेली नसते. त्या पातळीच्या किमान दोन मीटर वर, कातळातच, कोनाडा कोरून घ्या. वरच्या बांधीव भागात नको, कारण त्या चिऱ्यांमागं मातीच असते. लोखंडी कंसावर फळी बसवून तिच्यावर यंत्र ठेवायची कल्पनाही सोडून द्या. कंस स्वतःच थरथरतो आणि तुम्ही भूकंपाऐवजी कंस मोजत बसता.

पाण्याची रेघ काठापर्यंत पोचत असेल तर विहिरीला हात लावू नका. तिचं पुनर्भरण करा, शेततळ्याला जोडा. पाणी धरणारी विहीर भूकंपमापकासाठी अडवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

५. आत उतरायचं कसं? कंदील सोडून पाहिला की झालं ना?

नाही. हे उत्तर सगळ्यांनी वाचावं, विहिरी उतरण्यात आयुष्य गेलेल्यांनीसुद्धा.

पडीक विहिरीत पालापाचोळा आणि गाळ कुजत असतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो आणि प्राणवायू कमी होतो. कंदिलाची ज्योत प्राणवायू १६-१७ टक्क्यांवर उतरला की विझते. पण माणसाची चाल आणि विचार त्याआधीच मंदावतात, आणि हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइडबद्दल ज्योत काहीच सांगत नाही. मिथेन साचला असेल तर उघडी ज्योतच घात करते. सकाळी हवा चांगली होती म्हणून दुपारी चांगली असेल असं नाही. गाळ ढवळला की अडकलेला वायू बाहेर येतो.

चार वायूंचा मापक भाड्यानं मिळतो. तो दोरीनं आधी वर, मग मध्ये, मग तळाशी सोडा. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला तर उतरायचं नाही. पंख्याला लांब पाइप जोडून तळाशी ताजी हवा सोडत राहायची, माणूस आत असेपर्यंत. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, काठावरही वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला ठेवायचं नाही. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, तो यारीला किंवा तिकाटण्याला बांधलेला, आणि वर कायम दोघं. आतला माणूस कोसळला तर त्याला दोरीनं वर ओढायचं. मागोमाग कुणीही उतरायचं नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशाच तऱ्हेनं एकेका विहिरीत तीन-तीन, चार-चार माणसं गेली आहेत.

कठड्याचे सुटे दगड आधी काढून घ्या. साप आणि आग्या मोहोळ यांची पाहणी दुर्बिणीतून किंवा दोरीला मोबाइल बांधून चित्रीकरण करूनही होते. शक्य असेल तर स्वतः उतरूच नका. विहिरीचं काम करणारी टोळी बोलवा, मात्र वरचे नियम तिलाही लावा.

६. कोणतं यंत्र घ्यावं?

हौशी मंडळींत 'रास्पबेरी शेक' जास्त चालतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवलेला ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारा संवेदक) आणि तिचे आकडे करणारं २४ बिटांचं रूपांतरक, सेकंदाला १०० नोंदी, असा तो संच. आयात करावा लागतो, तेव्हा सीमाशुल्क हिशेबात धरा. इलेक्ट्रॉनिक्सचा हात असेल तर सुटा जिओफोन आणि २४ बिटांचं रूपांतरक आणून स्वतःही जुळवता येतं. मोबाइलमधला त्वरणमापक तुम्हाला जाणवेल असाच धक्का दाखवतो. त्यासाठी विहीर कशाला?

पहिल्यांदा घेताय तर फक्त उभी हालचाल टिपणारा एकच जिओफोन पुरे. तीन दिशांचा घेतलात तर प्रश्न ८ टाळता येणार नाही.

७. कातळावर बसवायचं कसं?

कोनाड्याचा तळ छिन्नीनं खरवडून, धुऊन, ब्रश मारून घ्या. धूळ राहिली की सिमेंट धरत नाही. त्यावर बारीक वाळू आणि सिमेंटचा चार-पाच सेंटिमीटरचा थर द्या, तो कोनाड्याच्या बाजूंना चिकटू देऊ नका, आणि ओला असतानाच कडाप्प्याचा तुकडा बसवून पाणसळीनं सपाट करा. आठवडाभर पाणी मारा. पेटी त्या कडाप्प्यावर तीन पायांवर ठेवायची, कारण चार पायांतला एक नेहमी अधांतरी राहतो.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलला की भट्टीत वाळवून पुन्हा वापरता येतात. पेटीवर थर्माकोलचं झाकण उपडं घाला. विहिरीत तापमान स्थिर असतं हे खरं, पण हिवाळ्याच्या रात्री थंड हवा काठावरून आत घसरते आणि तिची झुळूक नोंदीत दिसते. विहिरीच्या तोंडावर जाळी हवीच. पूर्ण बंद झाकण मात्र घालू नका, आत वायू कोंडेल (प्रश्न ५).

८. तीन दिशांच्या यंत्राला उत्तर दिशा दाखवावी लागते. होकायंत्र विहिरीत वेगळंच दाखवतं, असं का?

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, ते सुईला खेचतं. त्यात लोखंडी शिडी आणि मोटरचा पाइप. कधी काळी वीज पडलेल्या कातळाजवळ तर सुई भलतीकडेच वळते.

उत्तर वर ठरवा आणि खाली उतरवा. मोकळ्या शेतात उभी काठी रोवून तिची दिवसातली सर्वांत आखूड सावली ज्या रेषेत पडते ती दक्षिणोत्तर. घड्याळातले बारा धरू नका; महाराष्ट्रात सूर्य माथ्यावर येतो तो बहुतेक दिवस साडेबाराच्या आसपास. त्या रेषेला समांतर एक सरळ वासा विहिरीच्या तोंडावर आडवा टाका, त्याच्या दोन टोकांना दोन ओळंबे सोडा, आणि वारा पडलेला असताना दोन्ही दोऱ्यांना जोडणारी रेघ कडाप्प्यावर खडूनं मारा. गवंड्याचं नेहमीचंच काम आहे, एक-दोन अंशांच्या आत बसतं.

९. वीज आणि इंटरनेट खाली कसं न्यायचं?

एकाच इथरनेट केबलमधून दोन्ही जातं (या पद्धतीला पीओई म्हणतात), आणि केबल १०० मीटरपर्यंत चालते. यंत्राला वीज फार लागत नाही, पाच वॅटच्या आतबाहेर. शेतीच्या विजेचं वेळापत्रक सर्वांना ठाऊक आहे, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी आणि लहान सौर पॅनेल लावा. केबल पीव्हीसी पाइपातून न्या, नाहीतर खारी आणि उंदीर ती आठवड्यात कुरतडतात. पाइपाची दोन्ही तोंडं मुंग्यांसाठी बंद करा.

खरा धोका वळिवाच्या विजांचा. मराठवाडा-विदर्भात एप्रिल ते जून या काळात शेतातली लांब तांब्याची केबल म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. विहीर घरापासून लांब असेल तर मधलं अंतर ऑप्टिकल फायबरनं जोडा आणि बॅटरी-पॅनेल विहिरीपाशीच ठेवा. काचेच्या तंतूतून वीज घरापर्यंत येत नाही.

१०. जीपीएस विहिरीत चालत नाही. मग वेळ बरोबर कशी राहणार?

तळातून आकाशाचा जेमतेम एक गोल दिसतो, तेवढ्यावर उपग्रह पुरत नाहीत. साधी यूएसबी केबलही पाच मीटरपलीकडे दगा देते. सोपा मार्ग इंटरनेटवरून वेळ घेण्याचा. मोबाइल डोंगलवरही ती सेकंदाच्या एक-दोन शतांशांपर्यंत जुळते, सिग्नल वाईट असेल तर थोडी जास्त चुकते. जवळच्या धक्क्यांसाठी एवढं चालतं. हिशेब असा: प्राथमिक लहर, म्हणजे धक्क्याची सर्वांत आधी पोचणारी लहर, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते, म्हणजे घड्याळ एक सेकंद चुकलं तर इतर ठिकाणच्या वेळांशी ताडून काढलेलं अंतर सहा किलोमीटरनं चुकलं. इंटरनेट तासन्‌तास जाणाऱ्या गावात जीपीएस अँटेना कठड्यावर ठेवून तिचा संकेत आरएस-४८५ जोडणीनं खाली न्यावा लागेल.

११. रोज दहा-वीस 'भूकंप' दिसतात. आमच्याकडे खरंच इतके होतात का?

क्वचितच. आधी शेजारची पाणबुडी मोटर शोधा. ती ४८ हर्ट्झच्या आसपास एक अखंड सरळ पट्टा उमटवते, मोटर सुरू झाली की चालू आणि वीज गेली की बंद. मळणी यंत्र, एसटी, गावची गिरणी यांच्या वेळा तुम्हाला पाठ आहेत. आठवडाभर नोंदींशेजारी लिहून काढा.

सुरुंग ओळखणं जास्त अवघड. खाणीतला स्फोट दिवसा होतो, पुष्कळदा ठरावीक वेळेला, जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी काम थांबताना. त्याची पहिली हालचाल बहुधा वरच्या दिशेनं असते, दुय्यम लहर (प्राथमिकेच्या मागून येणारी) मिळमिळीत आणि मागून पृष्ठलहरींची लांब शेपटी. भूकंपात दुय्यम लहर साधारणपणे पहिलीपेक्षा ठळक असते. वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात किंवा खडी क्रशरजवळ राहत असाल तर पहिले काही महिने दिवसाच्या नोंदींवर विश्वास ठेवू नका. मग राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीशी ताडून पाहा. अगदी लहान धक्के त्या यादीत नसतील, पण ज्ञात धक्का तुमच्या यंत्रावर कसा उमटतो हे डोळ्यांत बसतं.

१२. किती लांबचे धक्के दिसतील?

चांगल्या कातळावर, शांत रात्री, दोन तीव्रतेचा धक्का पन्नासेक किलोमीटरवरून आणि तीनचा शंभर-दीडशेवरून दिसायला हरकत नाही. हिंदुकुश किंवा म्यानमारचा मोठा धक्काही पोचतो, मात्र त्याच्या संथ लहरी ४.५ हर्ट्झच्या जिओफोनला नीट ऐकू येत नाहीत. सुरुवातीची थरथर तेवढी दिसते.

१३. जमिनीतून गडगड आवाज येतो, पण यंत्रावर काहीच नाही. असं कसं?

वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ भागातून हा प्रश्न फार येतो. उथळ, लहान धक्क्याची वेगवान थरथर जमिनीतून हवेत शिरली की ती आवाज म्हणून ऐकू येते. धक्का जाणवेलच असं नाही. तो अगदी जवळ, दोन-तीन किलोमीटरवर असला तर त्यातली बरीच ऊर्जा ५० हर्ट्झच्या वर असते, आणि सेकंदाला १०० नोंदी घेणारं यंत्र ५० हर्ट्झच्या पलीकडचं दाखवूच शकत नाही. पडद्यावर फक्त एक टोकदार उसळी उरते. त्या मिनिटाची नोंद ताणून, एकेक सेकंद पाहा. बहुतेकदा ती असते. काहीच नसेल तर आवाज हवेतला असू शकतो, उदाहरणार्थ लांबचा सुरुंग किंवा ध्वनीपेक्षा वेगानं गेलेलं विमान.

१४. माझ्या एकट्या यंत्रावरून केंद्र कळेल का? आणि आधी सूचना मिळेल का?

अंतर कळेल. प्राथमिक आणि दुय्यम लहरींमधले सेकंद मोजा आणि आठनं गुणा: दहा सेकंद म्हणजे साधारण ८० किलोमीटर. दिशा मात्र अधांतरीच. त्यासाठी तीन ठिकाणची अंतरं हवीत, म्हणून शेजारच्या तालुक्यात आणखी दोघं तयार झाले तर तुमच्या विहिरीची किंमत तिपटीनं वाढते.

पूर्वसूचना नाही. केंद्र २५ किलोमीटरवर असेल तर दोन लहरींत तीन सेकंदांचंच अंतर. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला ६.२ चा धक्का बसला. उथळ केंद्र, वर दगडमातीची जड घरं, झोपलेली माणसं. त्या गावात प्रत्येक विहिरीत यंत्र असतं तरी कुणाला उठून बाहेर पडायला वेळ मिळाला नसता. जीव वाचतात ते घर नीट बांधल्यानं.

१५. विहिरीला अचानक पाणी आलं, कुठं आटलं. मोठा भूकंप येणार का?

भूकंपानंतर किंवा भूकंपाच्या वेळी भूजलपातळी हलते, हे जगभर दिसलं आहे; कोयना-वारणेतही विंधन विहिरींवर असं निरीक्षण झालं आहे. उलट दिशेनं, पाण्यावरून भूकंप सांगणं आजवर कुणालाही भरवशानं जमलेलं नाही. पाणी अचानक येण्याची साधी कारणं आधी तपासा: वरच्या बाजूला भरलेलं शेततळं, कालव्याला सुटलेलं आवर्तन, शेजारच्याची बंद पडलेली मोटर.

१६. धक्का दिसला की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का?

"इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी नोंद झाली" एवढं टाका. तीव्रतेचा आकडा आणि "आणखी मोठा येणार" असलं काही नको. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नोंदी खऱ्या कामाला लागाव्यात असं वाटत असेल तर त्या मूळ स्वरूपात जपून ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला दाखवा.

१७. विहीर भावकीत आहे, सातबाऱ्यावर माझा चार आणे हिस्सा. मला परवानगी लागेल?

लागेल, आणि ती लेखी घ्या. आज विहीर कोरडी म्हणून कुणी विचारत नाही. एखाद्या वर्षी पाणी लागलं की चारही हिस्सेदार मोटर घेऊन उभे राहतात आणि तुमचा कोनाडा वादाचं निमित्त होतो. पाणी आल्यास यंत्र किती दिवसांत काढायचं, तेही कागदावर असू द्या. गावाची सार्वजनिक विहीर असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा. जुन्या बारवेच्या दगडाला मात्र छिन्नी लावू नका, परवानगी मिळत असली तरी.

१८. विहीर नाही, पण कोरडं बोअर आहे. त्यात सोडता येईल?

घरगुती यंत्र नाही. साडेसहा इंची बोअरसाठी नळकांड्यासारखा खास संवेदक लागतो, तो आत भिंतीला घट्ट दाबून धरावा लागतो, आणि अडकला तर गेला. दोरीला लोंबकळणारी पेटी फक्त स्वतःचं झुलणं मोजते. केसिंगच्या पाइपाला वरून यंत्र चिकटवण्याचाही उपयोग नाही, कारण पाइप वाऱ्यानं आणि मोटरनं थरथरतो. कोरड्या बोअरवर लोखंडी झाकण वेल्डिंग करून बसवा, आजच. लहान मुलं अशा उघड्या बोअरमध्ये पडतात. यंत्रासाठी त्याच शेतात कातळ उघडा पडलेली नाल्याकाठची जागा पाहा आणि प्रश्न ७ प्रमाणे चौथरा करा.